किंवा

तीनशे दोनमध्ये एक 'किंवा' होता.
फाशी किंवा जन्मठेप.
त्या शब्दापाशी न्यायाधीश थांबायचे,
चष्मा पुसायचे, आरोपीला विचारायचे,
शिक्षेबद्दल काही सांगायचंय?
माझी बोटं रेमिंग्टनवर ताटकळायची.

तीनशे तीनमध्ये तो नव्हता.
जन्मठेपेच्या कैद्यानं खून केला तर फाशी,
पुढे पूर्णविराम.
तातोबा खिलारेचा निकाल मी टाइप केला
सांगलीच्या कोर्टात, भर उन्हाळ्यात, चार कार्बन घालून.
तुरुंगाच्या भटारखान्यात त्यानं
झारा घातला होता सिद्रामच्या डोक्यात.
का, ते कुणी विचारलं नाही.
विचारून तरी काय, शिक्षा आधीच छापलेली.
घरी जाऊन जेवलो. भरली वांगी होती, आठवतंय.

पुढं कधीतरी दिल्लीत ते कलमच गेलं.
घटनेत बसत नाही म्हणाले.
मगदूम वकील पेपर हलवत जिना चढले,
धाप लागलेली, एक चप्पल खालीच राहिलेली.

तातोबाला परत उभं केलं.
न्यायाधीश नवे, पंखा जुनाच.
शिक्षेबद्दल काही सांगायचंय?

तो कठड्याचं लाकूड नखानं खरवडत राहिला.
बाहेर कुणीतरी पुकारा करून गेला
दुसऱ्याच कुणाच्या नावाचा.
मग म्हणाला,
"सिद्राम चांगला होता ओ.
भाकरी लई मऊ थापायचा."

एवढंच. जन्मठेप झाली.

मी टाइप केलं सगळं, शुद्ध करून.
'लई'चं 'फार' केलं.
आणि तो 'ओ' गाळला,
जबाबात बसत नाही म्हणून.