शेऱ्याचा रकाना

माझ्या मॉडेलमधला सह्याद्री ठेंगणा आहे.
पंचवीस किलोमीटरच्या चौकटीत डोंगर बसवायचा
तर त्याचं डोकं तासावं लागतं, दऱ्या बुजवाव्या लागतात.
उरतो एक उतार,
हँडल सोडून सायकलवरून उतरता येईल असा.

मग ढग अडत नाहीत.
गगनबावड्यात जे कोसळायला हवं
ते सांडत सांडत येतं कळ्याला, कोल्हापुरात,
पार शिरोळपर्यंत,
जिथे आईने आत्ता गच्चीवर पापड घातलेत.
मॉडेल म्हणतं, शिरोळात रोज रिमझिम.
"तुझ्या गणितात माझे पापड भिजले की गं,"
आई फोनवर हसते.

अफसाना म्हणाली, चौकट लहान करू.
पाच किलोमीटर. मग तीन.
विद्यापीठाच्या टेकडीवर सहा आठवडे मशीन घरघरत राहिलं.
मध्ये दोनदा वीज गेली, दोनदा मागं जाऊन सुरुवात,
आणि एका पहाटे पडद्यावर
डोंगराला कडा फुटला.
करूळचा घाट ओळखू आला.
आम्ही दोघींनी उगाच टाळ्या वाजवल्या.

पण बरोबर आलं का, हे विचारायचं कुणाला?

केरबा वरेकरांना.
एकतीस वर्षं, सकाळी साडेआठला,
इरलं, पुढे रेनकोट, त्याच्याही पुढे फाटका रेनकोट घालून
त्यांनी बावड्याचा पाऊस मोजला.
निळ्या शाईतले आकडे, सरळ रांगेत,
आणि जुलैतल्या एका तारखेला
आकड्याच्या जागी काहीच नाही.
शेजारी, शेऱ्याच्या रकान्यात:
"भांडे भरून वाहिले. किती ते सांगता येत नाही."
दुसऱ्या दिवशी:
"ओढ्यास पाणी. जाता आले नाही."

आम्ही तिथे टाइप केलं होतं
उणे नव्याण्णव पूर्णांक नऊ.
मशीनच्या भाषेत याचा अर्थ, माहीत नाही.
माहीत नसलेले दिवस सरासरीतून गळतात.
असे सतरा दिवस गळाले,
सगळेच्या सगळे असे,
आणि आमच्या आलेखातला बावडा
होता त्यापेक्षा शांत झाला.

म्हातारा गोठ्यापाशी बसला होता.
"तुमचं मशीन काय म्हणतंय त्या दिवसाला?"
"चारशे बारा मिलिमीटर."
"असंल," म्हणाला. "पर तेवढा थोडा नव्हता."
मग उठून दगडी डोण दाखवली.
"रिकामी हुती. भरली. उपसली. परत भरली.
तवा म्हशी सोडल्या."
मी डोणीत हात घातला:
वीतभर, वर तीन बोटं.
हे शास्त्रात धरत नाहीत.
डोणीचा काठ वाकडा, छपराच्या पागोळ्या त्यातच,
आणि माझी वीत माझ्या मापाची.
तरी वहीत लिहून घेतलं.

शहराला फुटांची भाषा कळते.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे धोका,
मग शिरोलीपाशी हायवेवर ट्रकांची रांग.
त्या फुटांच्या मागे बावड्याचे मिलिमीटर,
त्यांच्याही मागे एक डोण,
दोनदा भरलेली.

आता आम्ही साठ सालाकडे बघतोय, दोन हजार साठ.
पावसाचे दिवस कमी होताना दिसतात,
उरलेले जाड होताना.
किती जाड, यावर तीन मॉडेलं तीन तोंडांनी बोलतात.
मी परिषदेत "अनिश्चितता" म्हणते
आणि मला म्हातारा आठवतो,
ज्याने न कळलेला आकडा कधी भरला नाही.

काल रात्री अफसानाने फाईलला एक रकाना जोडला: शेरा.
त्याचे शब्द जसेच्या तसे घातले.
प्रोग्रॅम चालू केला.
मशीनला आकडे हवे होते, अक्षरं वाचता येईनात.
बरोबर त्या जुलैच्या ओळीवर
ते अडलं.

पहिल्यांदाच काहीतरी बावड्याला अडलं,
अफसाना म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.