डावी तार

साडेतीन वाजता मी तिन्ही तारा जुळवल्या होत्या.
मधल्या सीच्या वरचा जी शार्प, काळी पट्टी.
एका स्वराला तीन तारा,
तिघींनी मिळून एकच बोलायचं,
एवढंच माझं काम. तेवीस वर्षं हेच.

सास्काटूनमध्ये जानेवारीत हवा इतकी कोरडी होते
की लाकूड आतल्या आत आकसतं.
पियानोच्या पोटाखाली मी पाण्याची बादली ठेवतो,
आणि संगीत विभाग दरवर्षी पत्र पाठवून विचारतो
ही बादली कुणाची.

संध्याकाळी सात. बाहेर उणे चौतीस.
हॉलमध्ये एकोणीस माणसं, दोन परीक्षक धरून.
उशिरा येणारा प्रत्येक जण
दारातून घागरभर थंडी आत आणतो.
मी शेवटच्या रांगेत, कोट मांडीवर, खिशात किल्ली.

एलस्पेथ न्यूफेल्ड. शेवटचं वर्ष.
तिचा बाप बर्फ हटवायचा ट्रक चालवतो.
थेट कामावरून आलाय, केशरी जाकिटात,
आणि टाळ्या कधी वाजवायच्या ते कळावं म्हणून
शेजारणीच्या हातांवर नजर ठेवून बसलाय.

एकतिशीत गेलेल्या एका माणसाचं
शेवटच्या शरदातलं काम ती वाजवत होती.
पहिला भाग नीट गेला.
दुसरा सुरू झाला, संथ,
आणि पान उलटायच्या आत मला ऐकू आलं.
जी शार्प.
तिघींतली एक उतरली होती.
फार नाही, केसभर.
दुधात मिठाचा खडा पडावा, तेवढं.

माझे कान तापले,
चोरी माझ्याच घरात सापडल्यासारखे.
परीक्षक पेलेटिए बाई वहीत काही खरडत होत्या.
एलस्पेथने मान वर केली नाही.
पण पुढचा जी शार्प आला
तेव्हा तिचं डावं पाऊल डाव्या पेडलवर होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो:
ते पेडल दाबलं की सगळ्या हातोड्या
जरा उजवीकडे सरकतात.
तीन तारांऐवजी दोनच तारांना लागतात.
डावी वाचते.
उतरलेली होती ती डावीच.
तिला कसं कळलं?
की तिनात एक, म्हणून नशीब अजमावलं?

मग पूर्ण भाग संपेपर्यंत तिने पाऊल उचललं नाही.
जिथे छाती भरून बोलायचं, तिथेही
शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलंय
अशा आवाजात बोलली.
दोघींनी तिसरीचं झाकून नेलं.
मधल्या रांगेतला खोकला थांबला.
केशरी जाकीट पुढे झुकलं,
शेजारणीच्या हातांचा त्याला विसर पडला होता.

नंतर कॉरिडॉरमध्ये चहा आणि खजुराच्या वड्या.
पेलेटिए बाई म्हणाल्या, दुसऱ्या भागातला रंग धाडसी,
थोडा एकसुरी, पण विचार केलेला दिसतो.
एलस्पेथ थँक यू म्हणाली.
मी भिंतीवर लावलेल्या
आग लागल्यास काय करावे या सूचना
शेवटपर्यंत वाचल्या.
ती कप घेऊन जवळून गेली.
"किती वाजता लावली होतीत?"
"साडेतीन."
"मग बरीच टिकली."

यावर काय बोलणार.
बापाने तिचे बूट आणून तिच्यापुढे ठेवले.
वाकताना डाव्या पोटरीत गोळा आला,
ती भिंत धरून एका पायावर उभी राहिली, हसत,
आणि तो विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

दिवे मालवायला आलेल्या पोराकडे मी दहा मिनिटं मागितली.
किल्ली चढवली. डावी तार.
मनगट हललं न हललं इतकंच.
लागली.
मग कारण नसताना
ते पेडल दाबून तीच पट्टी एकदा वाजवली,
आणि बादलीत पाणी किती उरलंय ते पाहिलं.