शंकरपाळी

भोसरीला, गिअरबॉक्सच्या कंपनीत,
तीन आठवडे मी एकच प्रश्न विचारत होते:
मग?
माल गेटवर येतो. मग?
वजन होतं. मग?
चलन, नोंद, तपासणीचा शिक्का, हिरवी शाई. मग?
पिवळ्या चिठ्ठ्या भिंतभर चिकटत गेल्या,
कामाला चौकोन, वाटेला बाण,
आणि जिथे हो की नाही ते ठरतं
तिथे टोकावर उभा केलेला चौकोन.
त्याचं इंग्रजी नाव मी सांगितलं,
पॅकिंगमधल्या बायका म्हणाल्या, शंकरपाळी.
तेच राहिलं.

बिलाची वाट सहाव्या चिठ्ठीपर्यंत सरळ गेली
आणि अंबादास तुप्यांच्या टेबलापाशी थांबली.
स्टोअर्स, एकतीस वर्षं.
चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली.
"बिल माझ्याकडे येतं," ते म्हणाले.
मग?
"मग बघतो."
काय बघता?
"बघतो म्हणजे... बघतो."

बघण्याला चौकोन काढता येईना.
दोन दिवस त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले.
गठ्ठा उजवीकडून उचलायचा, डावीकडे ठेवायचा,
मधेच एखादं बिल तळातून काढून वर.
हे का?
"कुदळवाडीतला पोरगा. एकच लेथ. शनिवारी दोघांचे पगार करतो."
आणि हे खाली?
"ह्यांना काय, बँकच चालत येते दारात."
मी लिहून घेतलं: पुरवठादार लहान असेल तर.
"नुसतं लहान असून भागत नाही.
खळदकर बाई मोठ्या, पण जावयाचं ऑपरेशन आहे."
मी लिहिलं: किंवा.
"आणि गुरुवारी लाइट नसते, म्हणून बुधवारी..."
मी लिहिलं: आणि.
शंकरपाळीतून शंकरपाळी, कागद भरला
पहिल्या घाण्यासारखा,
काही जळालेल्या, काही कच्च्या.

खरं सांगायचं तर त्याच गठ्ठ्यात
एक बिल सव्वीस दिवस तळाशीच होतं.
काळोखे फाउंड्री. कारण विचारलं,
तुप्यांनी चष्म्याची तार सारखी केली.
कॅन्टीनमध्ये कुणीतरी सांगितलं,
काळोख्यांच्या मुलीच्या लग्नात
तुप्यांना जिलबीचा आग्रह झाला नव्हता.
त्या एका जिलबीपायी
फाउंड्रीतल्या चौघांचा बोनस दिवाळीनंतर झाला.

तेव्हा मी सातवी चिठ्ठी काढली.
हाताने. डिंकाचा डाग भिंतीवर राहिला.
आता बिल येतं, मशीन तीन आकडे ताडून बघतं,
मागणी, माल, रक्कम,
जुळले तर रांगेत, पंचेचाळिसाव्या दिवशी खात्यात.
कुणाचा जावई नाही, कुणाची पंगत नाही.
चार दिवसांचं काम अकरा मिनिटांत.
डायरेक्टरांनी सगळ्यांना बाकरवडी वाटली.
काळोख्यांचा फोन आला, गळा भरून बोलत होते.
कुदळवाडीतल्या पोराने लेथ विकली
की विकायला काढली,
असं काहीसं कानावर आलं.
मी विचारलं नाही, मग?

तुप्यांना काढलं नाही.
नवी खुर्ची दिली, स्क्रीन दिला.
त्यावर न जुळलेली बिलं लाल होतात,
ते बटण दाबतात, ती परत जातात.

माझं स्वतःचं बिल मार्चमध्ये दिलं होतं.
वारज्याचं घरभाडं एक तारखेला,
घरमालक तारीख पाळणारे.
अडतिसाव्या दिवशी मीच फोन लावला.
"तुपे काका, माझं जरा बघता का?"

पलीकडे पंख्याचा आवाज.
खुर्ची करकरली, नवी असून.
"रांगेत एकशे चौदावं आहे," ते म्हणाले.
"नंबर बरोबर आहे, मॅडम.
मी दोनदा बघितला."