मच्छिंद्री

फॉर्मवर विषयासाठी एकच चौकोन होता,
'भूगोल' आरामात मावेल एवढा.
मी त्यात लिहिलं : मच्छिंद्री.
खिडकीपलीकडच्या गुरवांनी पेन खाली ठेवलं.
"माशांचं काय हाय काय? मग झूलॉजीला जावा की.
इथं मानव्यशास्त्रं."

विद्यापीठ टेकडीवर आहे, तिथवर पूर चढत नाही.
म्हणून मगदूम सरांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं :
पंचगंगेचं पाणी पुलाच्या एका ठरावीक दगडाला टेकलं
की आमच्या कुंभार गल्लीत हाळी यायची,
"मच्छिंद्री झाली गोऽ!"
आणि अर्ध्या तासात
बिनरंगाचे गणपती माळ्यावर,
शाडूची पोती शाळेच्या जिन्यात,
आणि आई चुलीवरचा भात तसाच उचलून घेऊन निघालेली.

सरांनी आलेख काढला. फूट, इंच, विसर्ग.
तांबोळी मॅडम शेजारच्या विभागातून चहाला आल्या होत्या,
त्या म्हणाल्या, क्रियापद बघ,
पूर येतो. मच्छिंद्री *होते*.
जशी संध्याकाळ होते.
सर आलेखाकडं बघत राहिले,
मग चहा निवला.

म्हणजे काय, हे मी गल्लोगल्ली विचारत फिरले.
नावाडी म्हणाला, दगडात मासा कोरलाय, त्याचं तोंड भिजतं.
लोहार म्हणाला, मासाबिसा काय न्हाई,
कमान आणि पाणी यांच्यात जी फट उरती ती माशासारखी दिसती.
भजनातल्या आप्पांनी थेट नाथांपर्यंत नेलं.
मोडीतल्या एका कागदावर कुणा कारकुनानं
पाणी उतरल्याची तीथ लिहून
खाली स्वतःच्या वाहून गेलेल्या म्हशीचा रंग लिहिलाय.
मी सगळं उतरवून घेतलं. म्हशीसकट.
"यातलं खरं कुठलं?" सेमिनारात कुणीतरी विचारलं.
मला माहीत नव्हतं. अजून नाही.

पण एक सांगायचं राहिलं होतं,
ते मी आलेखाच्या पाठीमागं लिहून दिलं.

हाळी देणारा यल्लाप्पा कोळी
त्या वर्षी मे महिन्यातच गेला.
ऑगस्टात पाणी चढलं तेव्हा
प्रत्येकाच्या फोनवर आकडा आला, फुटात, इंचात,
रात्री दोनला, पुन्हा तीनला.
आकडा बरोबर होता.
गल्ली तो वाचून कुशीवर वळली.
सकाळी आमच्या कारखान्यात एकशे चाळीस गणपती
सोंडेपासून विरघळत होते,
आणि वडील कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून
एकेकाला हात लावत होते, मोजल्यासारखं.
पाणी ओसरल्यावर त्यांनी तीच माती पुन्हा मळायला घेतली.
तिच्यात काचा होत्या, कुणाच्यातरी दाराची कडी होती.
"वेचून घे," एवढंच म्हणाले.

मगदूम सरांनी कागद उलटला, वाचला,
परत सुलटा केला.
आलेखावर त्या रात्रीची रेघ सरळ वर गेलेली.
"इथं," ते म्हणाले, आणि पेन्सिल टेकवली,
"इथं मी काय लिहू?"
मॅडमनी उत्तर दिलं नाही.
त्यांनी खुर्ची सरांच्या टेबलाशी ओढली.

फॉर्म तीनदा परत आला.
चौथ्यांदा गुरवांनी स्वतःच
चौकोनाला खाली कागद चिकटवून
तो लांब केला.

आता जुलै आहे. मी पुलावर, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत.
फोन वाजतो. गुरव.
त्यांचं घर नदीकडंच, हे मला आजच कळतंय.
"मॅडम, ती तुमची... झाली काय हो?"
मी वाकून बघते.
"अजून दोन बोटं."
"कुणाची?"
"माझी."
पलीकडून भांडी उचलल्याचा आवाज येतो.