साठ मीटर जास्त

विट्याच्या एक्स्चेंजमध्ये आता पंखाही लावत नाहीत.
लाकडी पेटीतला ब्रिज शर्टाच्या बाहीनं पुसला,
चौऱ्याण्णव नंबरची जोडी चिमट्यात धरली
आणि सूर्यकांत ऐवळेला मोबाइलवर सांगितलं,
घानवड रस्त्याच्या पिलरवर दोन्ही तारा एकमेकींना पीळ.

चकत्या फिरवत गेलो. सात. शून्य. नऊ.
काटा मधोमध आला, हलायचा थांबला.
सातशे नऊ ओहम.

किलोमीटरला एकशे अडुसष्ट, हे तोंडपाठ.
भागाकार आला चार किलोमीटर दोनशे वीस.
पण चैत्रातली जमीन; तांबं तापलं की
आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखं बोलतं.
दहा अंशांचं वजा केलं.
चार किलोमीटर साठ.

रस्ता कालच चाकानं मोजलेला,
दोघांनी, पिशवीत ताकाची बाटली घेऊन.
भरला बरोबर चार.

साहेबांना लिलावासाठी आकडा हवा,
जमिनीखाली तांबं किती, किलोत.
आणि वरचे साठ मीटर आले कुठून
त्यासाठी तक्त्यात बोटभर रकाना: तफावतीचं कारण.

पुन्हा मोजलं. तेच.
मग जुन्या नकाशावर सांधे मोजले. पंधरा.
पंधरा चोक साठ.

बाबालाल मुलाणी, जॉइंटर.
खड्ड्यात मांडी घालून बसायचा, डोक्यावर ओला टॉवेल,
दोनशे तारा रंगावरून जुळवायचा
आणि माती लोटायच्या आधी
केबलचे दोन वेढे खड्ड्यात निजवायचा.
सरकारी माल आहे, ओव्हरसिअर ओरडायचा.
तो म्हणायचा, उद्या कुणी उकरलं
तर त्याच्या हाताला पुरायला नको?

ह्याच तारांतून गलाईवाल्यांची पोरं बोलायची
कोचीहून, कानपूरहून: पैसे पोचले का, म्हस व्याली का,
जरा मोठ्यानं बोल, माग बंद कर की.
राखेतली गुंज न गुंज काढणारी माणसं ती,
त्यांनाही ठाऊक नव्हतं
आपला आवाज प्रत्येक खड्ड्यात
दोन गिरक्या घेऊन घरी जातो.

रकान्यात लिहिलं, सांध्यांतील राखीव.
साहेब खोडतील. खोडू देत.

सूर्यकांतला म्हटलं, सोड तारा.
त्यानं सोडल्या.
काटा एका बाजूला जाऊन आपटला
आणि तिथंच बारीक थरथरत राहिला.