पोचा

राजा आमच्या नाशकात आलाच नव्हता.
राज्याभिषेक त्याचा तिकडे, सात समुद्रांपल्याड.
इकडे कचेरीच्या मैदानावर मांडव,
मखमली खुर्ची, खुर्चीत तसबीर,
आणि तसबिरीवरच्या माश्या वारायला
चवरी घेतलेला एक पट्टेवाला.

आदल्या दिवशी देवळालीच्या पलटणीचा बँड
घोड्यांच्या ट्रामने गावात येत होता.
नासर्डीच्या पुलापाशी घोडा बुजला
आणि सामानातला एक नगारा,
हंड्याहून मोठा, अस्सल तांब्याचा,
गडगडत गेला तो थेट खडीच्या ढिगात.

तो आला तांबट आळीत, माझ्या दारी.
दोन गोरे शिपाई, एक दुभाषा, मागे शंभर पोरं.
म्हटलं, कातडं आधी उतरवा.
बाहेरून हात फिरवला:
तान्ह्याची टाळू असते तेवढा खोल पोचा.
आणि आतून टेंगूळ.

रात्रभर ठोकत होतो.
हे काम हाताचं कमी, कानाचं जास्त.
तांबं जिथं दुखतं तिथं बोबडं बोलतं,
बरं होत आलं की शब्द सुटे होतात.
तांबटाघरच्या मांजराला ठोक्याचं भय नाही म्हणतात;
आमचं त्या रात्री माळ्यावर जाऊन बसलं.

पहाटे मिसरूड न फुटलेल्या एका शिपायाने
कातडं चढवलं, किल्ल्या पिळल्या,
कान टेकून बोट वाजवलं, स्वतःशीच गुणगुणला,
मान हलवली, पुन्हा पिळल्या.
भाषा त्याची मला नाही, माझी त्याला नाही.
पण एक नगारा षड्जाला, दुसरा खालच्या पंचमाला,
एवढं चौघड्याच्या आवाजात वाढलेल्याला
कुणी सांगावं लागत नाही.

मांडवात आम्हाला जागा नव्हती.
कनातीला एक भोक होतं, त्याला माझा डोळा,
मग कान, मग पुन्हा डोळा.
शरणपूरच्या शाळेची चाळीस मुलं पांढऱ्या सदऱ्यांत,
समोर पौलस शिरसाठ मास्तर, हात हवेत.
गाणं इंग्रजी. ओ की ठो कळलं नाही.
पण आपल्यात सगळे एका सुरामागे जातात,
इथं सुरावर सूर, त्यावर सूर,
भांड्यांची उतरंड रचावी तसे,
आणि खालचं एक जरी हललं तरी
वरचं सगळं डुगडुगणार.
व्हायोलिनी होत्या, पितळेची वळणावळणाची तोंडं होती.
माझा नगारा तेवढा मुका.
तो शिपाई काठ्या धरून नुसता उभा,
ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावा.
माझ्या पोटात गोळा: बिघडला की काय?

मग मास्तरांचा हात वर जाऊन तिथंच राहिला,
मुलांचा आवाज कड्याच्या टोकाशी आला
आणि खालून माझं तांबं आलं.
आधी कुजबुज,
मग रामकुंडावर रात्री पूर चढताना ऐकू येतं ते.
पट्टेवाल्याची चवरी थांबली.
पहिल्या रांगेत एक पोर, पुढचे दोन दात पडलेली,
तोंड एवढं उघडून गात होती
की राजाबिजा तिच्या गावीही नव्हता.

बिल झालं दीड रुपया.
कचेरीत तीन खेपा घातल्या.
कारकून म्हणाला, समारंभाच्या खर्चात
पोचा असं सदर नाही.

तो राजा गेला. दुसऱ्याची तसबीर आली.
मी हंडे करतो, घंगाळं करतो, लग्नसराईत उसंत नाही.
गिऱ्हाइकाला देण्याआधी भांडं उलटं धरतो,
कान टेकतो, बोटाने एकदा वाजवतो.
लोक हसतात. हसोत.
परवा एक बाई म्हणाली,
दादा, पाणीच भरायचंय ना यात?
म्हटलं, हो हो, पाणीच.
आणि हातातला हंडा बाजूला ठेवून
तिला दुसरा दिला, बोलणारा.