शहाऐंशी

मंत्रालयाच्या खोक्यातून यंदा आलं ते असं :
एक लोहचुंबक,
प्लास्टिकचा बेडूक, पोट उघडतं, आतडी गायब,
सागरी जीवांचे तक्ते, अकरा,
आणि एक थर्मामीटर, कापसात गुंडाळलेला,
बाळंतिणीच्या खोलीतून आणावा तसा.

आमच्या देशाला समुद्र नाही.
समुद्राचा दिवस आहे. दर मार्चमध्ये झेंडे घेऊन
चालतो आम्ही धुळीतून, मी आणि माझी सात पोरं,
चार हजार दोनशे मीटरवर, ज्याला पाहिलं नाही त्याच्यासाठी.

पुस्तक म्हणतं, पाणी शंभर अंशांना उकळतं.
अंगणात चूल मांडली, लामाच्या लेंड्या पेटवल्या,
वारा आडवा, म्हणून फाउस्तिनो त्याला पाठ देऊन बसला.
पाणी खळखळलं.
डेल्मिराने डोळा काचेपाशी नेला : शहाऐंशी.
पुन्हा पाहिलं. शहाऐंशी.
थर्मामीटर बिघडलाय, फाउस्तिनो म्हणाला.
पुस्तक बिघडलंय, डेल्मिरा म्हणाली.
आणि क्लोतिल्दे, जी आठवड्यातून एकदा बोलते :
म्हणून का, बाई, आमचे बटाटे दुपार झाली तरी कच्चे?

मी चूल फुंकत राहिले.
ओरुरोच्या अध्यापक विद्यालयात
मीसुद्धा पाहिले होते अठ्ठ्याऐंशी, स्वतःच्या डोळ्यांनी,
आणि वहीत लिहिले होते शंभर.
दहापैकी दहा.

डेल्मिराचा बाप निकानोर
आरिकाच्या बंदरापर्यंत ट्रक नेतो, सोयाबीन भरून.
शाळा सोडली तिसरीत.
त्याच्या हाती दिला थर्मामीटर, पत्र्याचा मग,
गॅसची शेगडी, चार सारखे बटाटे,
आणि सातजणांनी सात प्रकारे समजावलं.
भिंतीवर खडूने अंदाज लिहिले :
आकडा चढत जाईल, चढतच जाईल.

नवव्या दिवशी आला. सिगारेटच्या पाकिटामागे त्याचं अक्षर :
खिंडीत, बर्फाजवळ, ८४.
वर्गात गलका. उतरला! आकडा उतरला!
समुद्राकडे जाताना आधी आणखी चढावं लागतं
हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही.
पुत्रे गावात, ८८.
वाळवंटात, चाक बदलताना, ९४.
बंदरावर, कस्टमच्या रांगेत, शिपाई ओरडत असताना,
१००.
आणि खाली, दोनदा अधोरेखित :
बटाटा वीस मिनिटांत मऊ. देवाशपथ.

कसं काय, मी विचारलं.
उत्तर माझ्याकडे होतं, हवेच्या दाबाचं, आकृतीसकट.
पण धाकटा एलेउतेरिओ आधीच उभा राहिला :
खाली हवेची गर्दी आहे, बाई,
सगळ्या पाण्याच्या डोक्यावर बसतात.
इथे कुणीच बसायला नाही,
पाणी लवकर उठून जातं.
आकृती मी घडी घालून ठेवली.

मग जिल्ह्याचा पेपर.
पाणी किती अंशांना उकळते? एक रेघ, एक गुण.
आदल्या दिवशी मी म्हणाले होते,
शंभर लिहून टाका, परीक्षेपुरतं.
म्हणाले, आणि जीभ चावली.
क्लोतिल्देने त्या रेघेवर लिहिलं :
कुठे?
लाल शाईत शून्य आला.
अकरावा तक्ता, देवमाशाचा, मी उतरवला
आणि तो पेपर त्याच खिळ्याला अडकवला.

निकानोरने एक बाटलीही आणली होती. समुद्र.
सगळ्यांनी बोट बुडवून चाखला आणि थुंकला.
झेंडे घेऊन चालायचं ते ह्याच्यासाठी? फाउस्तिनोने विचारलं.
ह्याचं उत्तर कुठल्या खोक्यात येतं मला माहीत नाही.

आज पुन्हा चूल पेटली आहे.
खारं पाणी किती अंशांना उकळेल, इथे, आमच्या अंगणात?
भिंतीवर खडू : चौघं म्हणतात आधी, दोघं म्हणतात नंतर.
क्लोतिल्देने अंदाज लिहिला नाही.
नाकावर शाल ओढून ती भांड्यापाशी बसली आहे,
धुराने डोळे बारीक,
आणि कडेला पहिला बुडबुडा
सुटू की नको असा.